खरखर आणि तंबोरा

विनुताने कॅसेट मागितली तेव्हा मी आधी नाही म्हटलं.

विनुता माझी नात, मुलीची मुलगी. तेव्हा ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती, कावेरीत त्या साली नुसती वाळू होती. रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायची. ताकभात संपवता संपवता म्हणाली, "अज्जा, गुरुमूर्तीमामांच्या कीर्तनाची ती कॅसेट दे ना. आम्हाला एक जुनी, खराब झालेली कॅसेट हवी आहे."

"ती खराब नाही," मी म्हटलं.

"बरं, खराब नाही. जुनी."

"जुन्या कॅसेटी बाजारात ढिगाने मिळतात."

"त्या सिनेमाच्या. आम्हाला देवळातली पाहिजे. पंखा, घंटा, लोकांचं खोकणं, मागची खरखर, सगळं असलेली. आणि तिच्यात आजी पण आहे ना?"

"म्हणूनच नाही."

गुरुमूर्ती माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. आमच्या तंजावूरच्या मराठी घरांत कीर्तन फार पूर्वीपासून चालत आलं आहे. त्याच्या पिढीत तो नाव असलेला कीर्तनकार होता. पदं मराठीत म्हणायचा आणि गोष्ट तमिळमध्ये सांगायचा, कारण ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना मराठी कळायचं नाही आणि उरलेल्यांना कळायचं पण बोलता यायचं नाही. माझी बायको धनलक्ष्मी त्याच्या मागे तंबोरा घेऊन बसायची. मी भाड्याची व्हॅन चालवायचो, त्यामुळे ह्या मंडळींना गावोगावी नेणं माझ्याकडेच होतं. कीर्तन रंगलं की सगळे गुरुमूर्तीकडे बघायचे. मी चपलांच्या ढिगाजवळ बसून तिच्याकडे बघायचो.

ती कधी गायली नाही. तिचं बोलणं कोणी टेप केलं नाही. कोण कशाला करेल? एकदा तिरुवैयारूच्या देवळात कोणा भाविकाने कीर्तन टेप केलं आणि एक प्रत आम्हाला आणून दिली. गुरुमूर्तीची आणखी रेकॉर्डिंग आहेत, पण त्यांत तंबोऱ्याऐवजी विजेवर चालणारी श्रुतीपेटी आहे. तिचा तंबोरा ह्या एकाच कॅसेटवर. गुरुमूर्ती आधी गेला, मग ती गेली, आणि तिचा म्हणावा असा आवाज माझ्याकडे एवढाच उरला.

"तू ती ऐकतोस तरी का?" विनुताने विचारलं.

ऐकत नव्हतो. वर्षभरापूर्वी ती टेपरेकॉर्डरमध्ये किंचाळून अडकली होती. कशीबशी सोडवून घेतली आणि तेव्हापासून कपाटात, तिच्या रेशमी लुगड्यांत गुंडाळून ठेवली. लावली तर तुटेल म्हणून लावत नव्हतो.

"मग कपाटात ठेवून काय करणार, अज्जा? एकदा कॉम्प्युटरमध्ये घेतली की झिजायचा प्रश्नच नाही. सकाळ-संध्याकाळ ऐक. हजारदा ऐक."

हजारदा ऐक म्हणाली आणि मी उठून कपाट उघडलं.

*

विनुता आणि तिच्या वर्गातले दोघं, सतीशकुमार आणि साईप्रिया, काय करत होते ते मला समजलं तसं सांगतो. कॉम्प्युटर चालवायची लिनक्स नावाची एक व्यवस्था आहे. ती कोणाच्या मालकीची नाही. ज्याला हवी त्याने घ्यावी, वाटावी, आत उघडून पाहिजे तसा बदल करावा. ह्या तिघांनी ठरवलं होतं की तिरुवैयारूकडच्या गाणं शिकवणाऱ्यांसाठी ती एका सीडीवर बसवायची. सीडी घातली की कोणताही कॉम्प्युटर तमिळमध्ये सुरू व्हावा, लिहिता यावं, ताल मोजता यावा, आणि घरातल्या जुन्या कॅसेटी त्यात उतरवून घेता याव्यात. विकत काही घ्यायचं नाही.

सीडी जवळजवळ भरली होती. आवाजाच्या कामासाठी एकच प्रोग्राम मावणार होता आणि उमेदवार दोन होते. त्यांना मुलांनी नावं ठेवली होती, उंदीर आणि हत्ती. उंदीर लहान, आवाज घ्यायचा, कापायचा, जोडायचा, बस. हत्ती मोठा, त्याला खरखर पुसता यायची. उंदराच्या बाजूने सतीशकुमार, हत्तीच्या बाजूने विनुता. हत्तीच्या आतल्या सगळ्या सूचना तिने कित्येक महिने बसून तमिळमध्ये केल्या होत्या. सीडी तयार करायचं काम साईप्रियाचं, म्हणून शेवटचा शब्दही तिचाच.

हे सगळं सतीशकुमारच्या घरी चालायचं, दक्षिण वीथीत, त्याच्या वडिलांच्या सायकल दुकानाच्या माडीवर. आम्ही पोचलो तेव्हा भांडण सुरूच होतं.

"तुझा हत्ती आत आणायचा तर सीडीवरचं बुद्धिबळ बाहेर काढावं लागेल," सतीशकुमार म्हणाला.

"काढ की," विनुता म्हणाली. "गाण्याचे मास्तर काय बुद्धिबळ खेळत बसणार आहेत?"

"माझे वडील बसतील."

"तुझे वडील पंक्चर काढतात."

"म्हणून त्यांनी खेळू नये?"

"दोघंही गप्प बसा," साईप्रिया म्हणाली. ती दोघांहून बुटकी, पण आवाज हेडमास्तरणीचा. मला खुर्ची देत म्हणाली, "ताता, तुम्हीच ठरवा. तुम्हाला जमलं आणि आवडलं, तर सगळ्या म्हाताऱ्यांना जमेल." ती आणि सतीशकुमार मला ताताच म्हणायची, तमिळ घरांत आजोबांना म्हणतात तसं.

"म्हणजे मी प्रयोगाचा उंदीर," मी म्हटलं.

"बघ, तातांचं मत उंदराला!" सतीशकुमार लगेच ओरडला.

मग त्याने बारीक स्क्रू ड्रायव्हरने माझी कॅसेट उघडली. आतली फीत अलगद काढून दुसऱ्या, नव्या कॅसेटच्या खोक्यात बसवली. ते करताना त्याची जीभ ओठांतून बाहेर आली होती आणि तो अजिबात बोलत नव्हता. पोरगा कामाला चांगला, तेव्हाच कळलं. टेपरेकॉर्डरमधून एक वायर कॉम्प्युटरला लावली, उंदीर सुरू केला आणि कळ दाबली.

आधी खरखर. मग तंबोरा.

धनलक्ष्मीला तंबोरा लागला असं पटायला वेळ लागायचा. तारेखाली घोडीवर सुती दोरा असतो, तो ती केसभर पुढे घ्यायची, तार छेडायची, पुन्हा केसभर मागे. लोक कंटाळायचे, पोरं रडायची, गुरुमूर्ती झांजा हातात धरून बसून राहायचा. अक्काने होकार दिल्याशिवाय त्याची सुरू करायची हिंमत नव्हती. ते सगळं त्या फितीवर होतं. मला खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता, टाउन बस दिसत होती, आणि कानात ती दोरा सरकवत होती. वर्षभराने ऐकत होतो. पूर्ण बाजू संपेपर्यंत मी पायसुद्धा हलवला नाही.

"झालं," सतीशकुमार म्हणाला. "जसं होतं तसं आत आलं. ताता, हे तुमचं."

"थांब, आता माझी पाळी," विनुता म्हणाली. तिने तेच रेकॉर्डिंग हत्तीमध्ये उघडलं. पडद्यावर भाताच्या लोंब्यांसारख्या रेघा आल्या, सुरुवातीला बारीक, पुढे भरलेल्या. वर तमिळमध्ये एक ओळ होती. "अज्जा, तू वाच. तुला वाचता आली तर माझं तमिळ पास."

मी पन्नाशीनंतर अक्षरं शिकलो. ती बायकोनेच शिकवली. दारातली रांगोळी झाली की उरलेल्या पिठाने ती बाजूला एक मराठी अक्षर काढायची आणि मी व्हॅन धुता धुता ते घोकायचो. तमिळ मग मी बसच्या पाट्यांवरून माझं मीच लावलं. त्यामुळे वाचायला सांगितलं की अजूनही मला जरा ताठ बसावंसं वाटतं. मी ताठ बसलो आणि मोठ्याने वाचलं, "नको असलेला आवाज कुठे आहे तो दाखवा."

"शाब्बास! म्हणजे जिथे नुसती खरखर आहे, काही सुरू झालेलं नाही, अशी जागा ह्याला दाखवायची. तो ती ओळखून ठेवतो आणि सगळीकडून पुसतो." असं म्हणत तिने सुरुवातीचा बारीक रेघांचा सगळा भाग रंगवला. "इथे मामांनी अजून सुरुवात केलेली नाही. ही घे, हत्तीबाबा."

हत्तीला वेळ लागला. सतीशकुमारच्या आईने कॉफी आणून दिली, आम्ही ती प्यालो, तरी तो पुसतच होता. मग एकदाचं पुसून झालं. विनुताने सेव्ह केलं, बंद केलं, पुन्हा उघडलं आणि आवाज मोठा केला.

गुरुमूर्ती समोर बसून गातो आहे असं वाटलं. पंखा गेला, खरखर गेली. त्याचा प्रत्येक शब्द धुऊन काढल्यासारखा. साईप्रियाने टाळ्या वाजवल्या. सतीशकुमारसुद्धा खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "बरं बाई, बुद्धिबळ गेलं."

मी ऐकत होतो. गुरुमूर्ती श्वास घ्यायला थांबला की मागे काही नव्हतं. पुन्हा गायचा, पुन्हा थांबायचा, आणि मागे पुन्हा काही नाही. सामान हलवलेल्या घरात एकटा माणूस गातो तसा तो गात होता.

"कसं वाटलं, अज्जा?"

"ती कुठे आहे?"

"कोण?"

"तुझी आजी."

विनुता हसत होती ती तशीच राहिली. मग तिने पडद्याकडे बघितलं, आपण रंगवलेल्या भागाकडे. ती लहानपणी गाणं शिकली होती, पण पेटीच्या श्रुतीवर. बटण दाबलं की श्रुती लागते, दाबलं की बंद होते. तिच्या लेखी तो पंख्यासारखाच एक आवाज. गाणं त्यानंतर सुरू होतं. आणि यंत्राने, त्याला दाखवला तो आवाज, सांगितल्याप्रमाणे शेवटच्या ओळीपर्यंत पुसून काढला होता.

"पुसलेलं उलटं फिरव," साईप्रिया म्हणाली.

"बंद करून उघडलं ना मी. आता फिरत नाही."

"मूळचं?"

"त्याच नावावर सेव्ह झालं."

"आणखी एखादी प्रत?"

"कुठे ठेवणार?" सतीशकुमार म्हणाला. "मशीनवर जागा कुठे आहे? सगळी तुझ्या हत्तीने..." पुढचं त्याने गिळलं.

"फीत आहे ना," मी म्हटलं. "पुन्हा लाव."

सतीशकुमारने टेपरेकॉर्डरचं झाकण उघडून मला दाखवलं. आत तपकिरी भुकटी पडली होती. "ताता, ही एकाच खेपेत एवढी झडली आहे. आज नको. चेन्नईला मोठे स्टुडिओ आहेत, तिथे चौकशी करतो. जरा थांबा."

शहाणपणाचं बोलत होता. मलाही ते कळत होतं. पण वर्षभर थांबलो होतो तेव्हा ती कपाटात होती. आता ती नुकतीच कानात येऊन गेली होती आणि ह्या खोलीतून कोणी तिला बाहेर काढलं होतं. मला थांबवेना.

"लाव," मी म्हटलं.

त्याने विनुताकडे बघितलं. तिने मान खाली घातली. त्याने आतली भुकटी पुसली, मशीनवरचं स्वतःचं काहीबाही काढून जागा केली, फीत गुंडाळून मागे घेतली आणि उंदीर सुरू केला.

खरखर. तंबोरा. दोरा पुढे, दोरा मागे. मी डोळे मिटून घेतले. एक तार जरा उतरली होती, ती तिने चढवली. मग चारी तारा एकमेकींत मिसळल्या आणि तो सूर तसाच बराच वेळ वाहत राहिला. गुरुमूर्ती खाकरला. आणि टक्‌ असा आवाज झाला.

डोळे उघडले तेव्हा सतीशकुमारच्या हातात फितीची दोन टोकं होती.

त्याने ती जोडली. त्या दिवशी जोडली, दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडली, पण पुढची फीत ताणून दोऱ्यासारखी झाली होती. तिच्यातून नुसतं किंचाळणं यायचं. हाती आली ती चारेक मिनिटं. विनुताने काही सुरू झालेलं नाही म्हणून रंगवली होती नेमकी तेवढीच.

*

विनुता चार-पाच दिवस आली नाही. मग एका संध्याकाळी आली ती चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

"आत ये गे. जेवलीस?"

"अज्जा, मी जोडून देते. तंबोऱ्याची चार मिनिटं आहेत ना? तीच पुन्हा पुन्हा लावायची आणि मामांच्या स्वच्छ आवाजाखाली घालायची. हत्तीला येतं ते. सांधा कळणारसुद्धा नाही. पूर्वीसारखं होईल सगळं."

तिचा चेहरा असा होता की हो म्हणावंसं वाटलं. पण मी तिला बसवलं आणि म्हटलं, "तुझी आजी नुसती छेडत नव्हती. ऐकत असायची. तो वर गेला की ही हलकी व्हायची. तो चुकला की ही जरा जोरात छेडायची, त्याला कळावं म्हणून. एकदा भर कीर्तनात तिने हात थांबवला, तर त्याला घाम फुटला होता."

"खरंच?"

"विचार तुझ्या आईला. ह्या चार मिनिटांत तो अजून गायलेलाच नाही. त्याचं काहीच तिने ऐकलेलं नाही. तिला त्याच्यामागे ओढून बसवू नको."

"मग तुला काय देऊ मी?" ती रडायला लागली. "काहीच येत नाही मला देता."

मलाही तिला काही देता येत नव्हतं. कॉफी करून दिली. साखर जास्त झाली. ती तशीच प्यायली.

पुढच्या रविवारी तिघांनी मला पुन्हा बोलावलं. साईप्रियाला सीडी पुरी करायची होती.

"उंदीर घ्या," विनुता म्हणाली. "माझं काही म्हणणं नाही."

"ताता?"

"मला विचारू नका," मी म्हटलं. "मला पाहिजे ते दोघांकडेही नाही."

 खाली दुकानात सतीशकुमारचे वडील चाक फिरवून बघत होते, त्याची किरकिर वर येत होती. शेवटी सतीशकुमारच म्हणाला, "तातांच्या मेहुण्यांचा आवाज मी घरी ऐकवला. माझ्या आईला मराठीचा एक शब्द कळत नाही, तरी ती रडली. उंदराला ते जन्मात जमणार नाही."

"आणि पुसून टाकतो त्याचं काय?" विनुता म्हणाली.

"उघडा आहे ना तो प्रोग्राम? सगळ्या जगाला सांगत असतेस, उघडा आहे, उघडा आहे. मग उघड. पुसण्याआधी जुनं वेगळं ठेवायला शिकव त्याला. माणसाने विसरलं तरी ह्याने ठेवायचं."

"एकटीला नाही जमणार."

"एकटीने कर कोण म्हणालं? बुद्धिबळ काढलंच आहे मी, रिकामाच आहे."

त्यांना महिना-दीड महिना लागला. मी कधी कधी जाऊन बसायचो. पडद्यावर इंग्रजी मुंग्यांच्या रांगा, आणि दोघं त्यांच्यावरून भांडायची. शेवटी हत्ती शहाणा झाला. आता तो पुसायच्या आधी जुना आवाज आपणहून वेगळ्या नावाने बाजूला ठेवू लागला आणि तसं सांगूही लागला. विनुताने ती वरची ओळही बदलली. आता तिथे लिहिलेलं असतं, तंबोरासुद्धा नसलेली जागा दाखवा.

ज्यांनी मूळ हत्ती बनवला त्यांना तिने हे पाठवलं. कुठल्या तरी थंड देशातल्या एका माणसाचं उत्तर आलं. जुनं बाजूला ठेवायची युक्ती त्याने आनंदाने घेतली. ओळ मात्र नाही घेतली, कारण तंबोरा म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. विनुताने त्याला दोन पानं भरून लिहिलं. त्यात आजीचं काही लिहिलं का, असं मी विचारलं. थोडं लिहिलं, म्हणाली.

सीडी वाटायला आम्ही तिरुवैयारूला गेलो. गाणं शिकवणारी दहा-बारा माणसं एका शाळेच्या खोलीत जमली होती. त्यांत ताराबाई म्हणून एक आमच्यातल्याच बाई होत्या, माझ्याच वयाच्या. नवऱ्याची कॅसेट घेऊन आल्या होत्या. तो गायचा आणि त्या मागे तंबोरा धरायच्या. विनुताने त्यांचा हात धरून जागा दाखवायला शिकवलं. बाईंनी चष्मा सावरून वरची ओळ वाचली, सगळ्यात शेवटी, देवळातले लोक उठून गेल्यावर, नुसता पंखा ऐकू येतो ती जागा शोधली आणि कळ दाबली.

"जुनंही राहील ना गे?" त्यांनी दोनदा विचारलं.

"दोन्ही राहतील, आजी."

नवरा गायला लागला, मागे त्यांचा स्वतःचा तंबोरा. बाई ऐकता ऐकता उजव्या हाताची बोटं मांडीवर हलवत होत्या. मला त्यांचा हेवा वाटला. दुसरा शब्द मला सापडत नाही. मी बाहेर येऊन नदीच्या पायऱ्यांवर बसलो. खाली वाळूत पोरं क्रिकेट खेळत होती.

माझ्याकडे कॉम्प्युटर नाही. म्हणून मी अजून रविवारी सायकल दुकानाच्या माडीवर जातो. सतीशकुमार मला कानाला लावायचं यंत्र देतो आणि स्वतः खाली वडिलांना मदत करायला जातो. मी ऐकतो. दोरा पुढे, दोरा मागे. ती तार चढवते, चारी मिसळतात, आणि ती बसून राहते. गुरुमूर्ती खाकरला की मी यंत्र कानावरून काढतो.

मागच्या खेपेला सतीशकुमार लवकर वर आला. त्याने ते बघितलं. "ताता," म्हणाला, "शेवटचा तो टक्‌ आवाज मी कापून टाकतो. दोन मिनिटांचं काम आहे. मग तुम्हाला काढावं लागणार नाही."

"नको," मी म्हटलं.

"का? तुटल्याचा आवाज आहे तो."

"असू दे. ह्यातलं आता काही पुसायचं नाही. तुझ्या आईला कॉफी ठेवायला सांग. आणि तू खाली जा, मी आणखी एकदा ऐकतो."